काकांची लाल लेबलवाली यामाहा घेऊ का?

वसईचा_जी_मेजर:
आमच्या मागच्या आळीतल्या आजी त्यांच्या मिस्टरांची गिटार विकताहेत. काका बोटीवर होते, त्यांनीच ती जपानहून आणली. आत लाल लेबल, त्यावर निप्पॉन गक्की, म्हणजे यामाहाचं जुनं नाव, आणि मॉडेल एफजी-१८०. नववीत असताना काकांनी माझी बोटं धरून पहिला जी कॉर्ड हिच्यावरच बसवला, त्यामुळे जीव अडकलाय. आजी तीस हजार म्हणतात, त्यांच्याशी घासाघीस करणार नाही. पण बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) तारा इतक्या वर आहेत की एफ कॉर्ड धरला की मनगट भरून येतं. ब्रिजमागे, म्हणजे अंगावर तारा जिथे अडकतात त्या पट्टीमागे, लाकूडही किंचित फुगलंय. वाजती होईल का ही?

सहा_तारा:
एफजी-१८० आली १९६६ साली, आणि लाल लेबल म्हणजे त्या मालिकेतल्या सुरुवातीच्या गिटारी. टॉप (वरची फळी) स्प्रूस लाकडाचा, पण प्लायचा, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेला. नाक मुरडू नका, आपल्या किनारपट्टीच्या हवेत प्लाय सहसा चिरत नाही. थोडा फुगवटा जुन्या गिटारीत असतोच. खरी भीती नेकची, म्हणजे मानेची. बारा गेजच्या (जाडीच्या) सहा तारा मिळून सत्तरेक किलोचा ताण देतात, पन्नास वर्षांत नेक पुढे झुकते. लांब सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे न्या. ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकली तर उत्तम. खाली धडकली तर नेकचा कोन गेला. फोनचा टॉर्च आत टाकून टॉपखालच्या आधारपट्ट्या, म्हणजे ब्रेसिंगही बघा, आणि टॉपवर बोटाने टिचक्या मारा. कुठे खरखर आली तर तिथला ब्रेस सुटलाय.

लाकूडकाम:
सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती छोटी पट्टी, अजून किती वर आहे तेही बघा दादा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जुन्या गिटारींचं सॅडल कुणीतरी घासून संपवलेलं असतं. तारा खाली येतात, पण सॅडलवरून पुरेशा वाकत नाहीत आणि आवाज बसतो. ट्रस रॉडही (नेकच्या आतली धातूची सळई) पिळू नका, त्याने नेकचा बाक बदलतो, कोन नाही.

वसईचा_जी_मेजर:
आत्ताच पट्टी लावून आलो. कडेच्या जवळपास दोन मिलिमीटर खाली धडकते. सॅडल चांगलं उंच आहे, टिचक्यांना आवाज स्वच्छ.

लाकूडकाम:
मग नेक सोडवून नव्या कोनात बसवावी लागेल. हे काम गिटारीच्या नेक सोडवलेल्या माणसाकडेच द्या, फर्निचरवाल्याकडे नको. बाकी अंग शाबूत असेल तर ती पुढची कित्येक वर्षं वाजेल.

वसईचा_जी_मेजर:
घेतली. तीस हजारच दिले, नेकचा खर्च माझा. काम होईपर्यंत तारा काढून ठेवू का?

लाकूडकाम:
काढू नका, दोन सूर उतरवून ठेवा. आणि पावसाळी भिंतीला टेकवू नका.