खाजनातल्या चिखलाचे कॉन्टिग: कोणत्या जिवाचे, हे ओळखायला काय वापरावं?

खाजनकाठ
गोव्यातल्या चोडणच्या खारफुटीतल्या चिखलाचा मेटाजीनोम (त्यातल्या सगळ्या जिवांचा एकत्र डीएनए), मेगाहिट या प्रोग्रामने जोडलेला, १००० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) वरचे कॉन्टिग, म्हणजे जोडून झालेले लांब तुकडे. नावं ओळखायला क्रॅकन २ हा प्रोग्राम लावला तर निम्म्याहून जास्त अनक्लासिफाइड, आणि उरलेल्यांत चक्क माणूस! मशीन ६४ जीबी रॅमचं. दुसरं काय सुचवाल?

मांडवीपार
क्रॅकन मुळात रीडसाठी, म्हणजे सिक्वेन्सरमधून आलेल्या न जोडलेल्या तुकड्यांसाठी, बनलेलं. ते डीएनएचे छोटे तुकडे तंतोतंत जुळवतं. चिखलातल्या बॅक्टेरियांचे जवळचे जीनोम डेटाबेसमध्ये नसले की जुळणार काय? शिवाय कॉन्फिडन्सचा (किमान किती जुळणी हवी त्याचा) डिफॉल्ट ०, म्हणजे २० हजार बेसच्या कॉन्टिगवर दोन-चार तुकडे जुळले तरी नाव चिकटतं. ०.१ देऊन पाहा, बराचसा 'माणूस' गळून पडेल.

कॉन्टिगसाठी कॅट (CAT) हा प्रोग्राम घ्या. तो आणखी दोन प्रोग्राम वापरतो: प्रॉडिगल जीन शोधतं, डायमंड त्यांची प्रोटीनं डेटाबेसशी ताडतं आणि सगळ्या जीनचा कौल मिळून नाव ठरतं. प्रोटीन डीएनएपेक्षा सावकाश बदलतं, त्यामुळे लांबचं नातंही सापडतं. मात्र १००० बेसमध्ये जीन एखादाच, तिथे कौल कसला? अशा कॉन्टिगचं स्पीशीजचं नाव लिहू नका, फायलम किंवा क्लास अशा मोठ्या गटावर थांबा.

आता रॅम. कॅटमध्ये डायमंडचा ब्लॉक साइझ (एका वेळी किती डेटा घ्यायचा) १२ आणि इंडेक्स चंक (इंडेक्सचे किती भाग करायचे) १ असतो. एनआर या एनसीबीआयच्या (अमेरिकेतल्या जैवमाहिती केंद्राच्या) प्रोटीन डेटाबेसवर ६४ जीबीत ते रॅम संपून मध्येच 'किल्ड' होणार. दोन्ही ४ करा. वेळ जास्त लागेल, पण काम पुरं होईल. टेम्प फोल्डर मोठ्या डिस्कवर वळवा.

तिसवाडी
त्याआधी टियारा चालवा, ते युकॅरियोटचे (पेशीत केंद्रक असलेल्या जिवांचे) कॉन्टिग वेगळे काढतं. चिखलात डायटम, कुर्ल्या, खारफुटीची मुळं, सगळ्यांचा डीएनए येतो. प्रॉडिगलला इंट्रॉन (जीनच्या मधले, प्रोटीन न बनवणारे भाग) कळत नाहीत, त्यामुळे युकॅरियोटचे जीन तुटके निघतात आणि कौल भलतीकडे जातो. टियारा डिफॉल्टला ३००० बेसखालचे कॉन्टिग बघतच नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

खाजनकाठ
एनआर शेकडो जीबी आहे हो. त्याऐवजी जीटीडीबी हा डेटाबेस चालेल?

मांडवीपार
चालेल, पण टियारानंतरच. जीटीडीबीत फक्त बॅक्टेरिया आणि आर्किया (बॅक्टेरियासारखेच केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव). कुर्लीचा कॉन्टिग आला तर तो कुठल्या तरी बॅक्टेरियाच्या गळ्यात पडू शकतो. नावंही वेगळी: सल्फेट-रिड्यूसर बॅक्टेरियांचा मोठा गट तिथे डिसल्फोबॅक्टेरोटा, एनसीबीआयकडे थर्मोडिसल्फोबॅक्टेरिओटा. एकाच आलेखात दोन्ही आली तर एकच गट दोनदा दिसेल.

आणि प्रॉडिगलची प्रोटीन फाइल, डायमंडची जुळणी फाइल पुसू नका. कॅटचा एफ हा पॅरामीटर (नाव ठरायला कौलाचा किती वाटा हवा) ०.५ वरून ०.३ करून पाहायचा झाला तर त्याच दोन फाइली परत द्यायच्या, काही मिनिटांचं काम. ०.३ वर एकाच कॉन्टिगसाठी दोन परस्परविरोधी नावंही निघू शकतात. ती मोजणीत धरू नका.

तिसवाडी
मोजणी म्हणजे कॉन्टिगची संख्या नव्हे हं. रीड परत कॉन्टिगवर मॅप करून कव्हरेज (त्यावर सरासरी किती रीड बसले) काढा, नाहीतर ज्याची जोडणी जास्त तुटली तोच जीव सगळ्यात जास्त दिसेल.