गोळी ‘सुटली’, ‘उडाली’ की ‘झडली’?

भाट्येकाठ :
अनुवादात अडकलोय. परदेशातल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या मृत्यूवरचा लेख मराठीत आणतोय. सहकाऱ्याच्या हातातल्या पिस्तुलातून नको तेव्हा गोळी गेली आणि माणूस जागीच गेला. मूळ लेखात ‘अ‍ॅक्सिडेंटल डिस्चार्ज’ आणि ‘नेग्लिजंट डिस्चार्ज’ हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेत. पहिल्यात दोष हत्याराचा, दुसऱ्यात हाताचा. मी दोन्हीकडे ‘चुकून गोळी सुटली’ लिहिलं आणि लेखाचा कणाच मोडला. ‘डिस्चार्ज’ तसाच ठेवावा, तर आपल्याकडे डिस्चार्ज मिळतो तो दवाखान्यातून. आपल्या पट्ट्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका पुष्कळ आहेत, कुणाच्या तरी तोंडी नेमका शब्द असेल.

मिऱ्याबंदर :
‘मिसफायर’ लिहा. पेपरात तेच येतं आणि सगळ्यांना कळतं.

काजूवाला, कुडाळ :
मिसफायर अजिबात नको. मिसफायर म्हणजे चाप ओढला आणि बार झालाच नाही. आपण त्याला फुसका बार म्हणतो. पेपरवाले बरोबर उलट अर्थाने वापरतात.

आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, वानरांसाठी आणि डुकरांसाठी. नळीत दारू, त्यावर काथ्या ठासायचा, मग छर्रे, परत काथ्या. केप मात्र शेवटपर्यंत लावायची नाही. ती मसुराच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी तांब्याची टोपी, आजोबांच्या चंचीत सुपारीशेजारी असायची. माळ्यावर चढून बसल्यावरच ती घोड्याखाली जायची. एकदा पारधीत शेजारच्या एकाने वाटेतच केप लावली. करवंदीच्या जाळीत घोडा अडकला, मागे ओढला गेला आणि निसटला. छर्रे पुढच्या माणसाच्या पायापासून हातभर अंतरावर मातीत गेले. तो म्हणाला, “बार गेलो.” आजोबा म्हणाले, “बार जाणा नाय. तुझ्या हातातसून गेलो.” तुमचे दोन्ही शब्द या दोन वाक्यांत आहेत बघा.

राजापूरची गंगा :
सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी तिथूनच चालवली. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘हुतात्मा’ हे शब्द आज कुणाला अडत नाहीत. तेव्हा भाट्याच्या काठावर बसून ‘डिस्चार्ज’ लिहू नये असं मला मनापासून वाटतं. ‘अनवधान-स्फोट’ आणि ‘प्रमाद-स्फोट’ अशी जोडी करा. फरकही राहतो.

मिऱ्याबंदर :
स्फोट म्हटल्यावर लोक बॉम्बच समजतील. आणि शुद्ध ते काय उरतं? काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून आले, तोफ तुर्कांची, बंदूक अरबीतून. हत्यारांच्या कोठारात मराठीने कधी सोवळं पाळलेलं नाही.

राजापूरची गंगा :
‘चाप’ आहे ना आपला! संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य.

काजूवाला, कुडाळ :
मला ते पटत नाही. चापतो म्हणून चाप. आमच्याकडे चापून बसवणे, चापून बांधणे रोजचं आहे. धनुष्य ओढतात, चापत नाहीत.

राजापूरची गंगा :
चापसुद्धा ओढतातच की. ‘चाप ओढला’ हे तुम्हीच वर लिहिलंत.

हवालदाराची लेक :
या विषयावर लिहिणं मला सोपं नाही, पण ‘मिसफायर’ वाचून राहवलं नाही. माझे बाबा पोलिसांत शस्त्रागारावर होते. त्यांच्यासोबतचा एक जण, आमच्या घरी जेवायला येणारा, गार्ड बदलताना दुसऱ्याच्या बंदुकीतली गोळी लागून गेला. पेपरात ‘मिसफायर झाल्याने मृत्यू’ आलं. बाबांनी पेपरची घडी केली आणि एवढंच म्हणाले, “मिसफायर झालं असतं तर आज तो जेवायला आला असता.”

ठाण्याच्या वहीत आधी ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद झाली. त्याच्या आईला हा शब्द कुणी समजावून सांगू शकलं नाही. बाबांचं म्हणणं असं की अकस्मात काहीच नव्हतं. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, आधी काढायचं, मग बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, ओढायचा, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या गोळीच्या घरात, डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे बोल्ट आधी ओढला आणि मॅगझिन नंतर काढलं, तर मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. हातात काढलेलं मॅगझिन दिसतं आणि माणूस निर्धास्त चाप ओढतो. त्या दिवशी तेच झालं.

भाट्येकाठ :
ताई, वाचून हात थांबला. लिहिलंत, फार उपकार झाले.

लेखात हेच आहे, थोडं पुढे जाऊन. बोट चापावर असलं की माणूस दचकला, त्याचा तोल गेला किंवा दुसऱ्या हाताने त्याने काही घट्ट धरलं, तरी ते बोट आपोआप आवळतं. म्हणून बोट चापाबाहेर ठेवायचं. उलट बाजूही आहे. खाली पडल्यावर गोळी सुटू शकते असं दिसल्यामुळे अमेरिकेत २०१७ साली एका पिस्तुलाची आतली जुळणी बदलून देण्यात आली. तिथे हाताला दोष कसा देणार? ‘सुटली’ दोघांनाही एकाच दावणीला बांधतं.

हर्णैचा नाखवा :
‘सुटली’ला उगाच बदनाम करताय. वादळात होडी सुटली असं आम्ही म्हणतो तेव्हा कुणी दर्याला दोष देत नाही. बंदरात पहिला प्रश्न येतो, गाठ कुणी मारलेली? दोर कुजका निघाला तर दोराचा दोष, गाठ सैल निघाली तर माणसाचा. ‘सुटली’ म्हटल्यावर चौकशी सुरू होते, संपत नाही. तेच लिहा आणि पुढे कारण लिहा.

मिऱ्याबंदर :
झाडणे-झडणे ही जोडी कशी वाटते? गोळी झाडली म्हणजे मुद्दाम, झडली म्हणजे आपसूक. फैरी झडतात, चौघडा झडतो.

काजूवाला, कुडाळ :
फैरी तर मुद्दामच झडतात. झडली ऐकून मला मोहोर दिसतो.

राजापूरची गंगा :
कायद्याच्या मराठीत ‘हयगय’ आहे. हयगयीने झालेल्या मृत्यूचं, पूर्वीचं दंड संहितेचं कलम ३०४-अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६. ‘हयगयीने सुटलेली गोळी’ आणि ‘अपघाताने सुटलेली गोळी’. स्फोट मागे घेते.

हवालदाराची लेक :
हयगय ठीक वाटतं. पण बाबांना खरा राग दुसऱ्याच शब्दाचा होता. कवायतीचा हुकूम हिंदीत, ‘खाली कर’. म्हणजे हत्यार रिकामं कर. गावाकडून आलेली नवी पोरं ऐकून नळी खाली करायची आणि तशीच उभी राहायची. बाबा एकेकाच्या पुढ्यात जाऊन विचारायचे, “खाली म्हणजे काय?” उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत.

मिऱ्याबंदर :
पण मराठीतही खाली म्हणजे रिकामं होतंच. खाली हात, खाली गाडी.

हवालदाराची लेक :
दोन्ही अर्थ चालतात, भीती त्याचीच ना.

काजूवाला, कुडाळ :
आमच्यात ‘रिती’ म्हणतात. बंदूक पडवीत टेकवायच्या आधी आजोबा विचारायचे, “रिती आसा?” होय म्हटलं तरी गज नळीत घालून बघायचे. गज किती आत जातो त्यावरून कळायचं.