अंतराळ सफर : बजेट १२ लाख, वय ५८. काय जमेल?

शिरोलीचा_साचा : नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत ३० वर्षं फाउंड्री चालवली, आता पोरगा बघतो. १९८४ ला राकेश शर्मा गेले तेव्हा बारावीत होतो, शेजारच्यांच्या टीव्हीसमोर सगळी गल्ली गोळा झालेली. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळातनं परत आले आणि ते सगळं पुन्हा आठवलं. मला एकदा खिडकीतनं काळं आभाळ आणि खाली वाकलेली पृथ्वी बघायची आहे. बजेट १२ लाख, त्यावर एक रुपया नाही. बीपीची एक गोळी चालू, वजन ९२.

नाद_एकच : काका, ब्लू ओरिजिन! अंतराळ सफर घडवणारी अमेरिकी कंपनी. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा त्यांच्याच यानातनं गेले, भारताचे पहिले अंतराळ पर्यटक. १०-११ मिनिटांत वर जाऊन खाली, त्यात ३-४ मिनिटं तरंगायचं. वजन १०१ किलोपर्यंत त्यांनी चालवून घेतलंय. पैशाचं काय, एक प्लॉट काढा.

राजारामपुरीकर : प्लॉटनं भागत नाही. ब्लू ओरिजिन दर जाहीरच करत नाही; २०२१ ला पहिल्या फेरीची एक सीट लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेली. दुसरी कंपनी व्हर्जिन गॅलॅक्टिक, तिचं तिकीट ६ लाख डॉलरपर्यंत गेलं होतं, म्हणजे ५ कोटींच्या वर. तेही जून २०२४ ला थांबलं, जुनं यान निवृत्त केलं, नवं बांधायला घेतलं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. भाच्याची फी भरताना हे सगळं शिकलो.

नाद_एकच : व्हर्जिन १०० किलोमीटरच्या आतच असतं. ते अंतराळ नव्हेच.

पन्हाळा_दुर्बीण : अमेरिकेत ८० च्या वर गेलं की अंतराळ धरतात, आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघ १०० धरतो. कोल्हापुरातनं रस्त्यानं १०० किलोमीटर गेलं तर बेळगावसुद्धा येत नाही. खरा फरक वेगाचा आहे. नुसतं वर जाऊन खाली यायला ताशी साडेतीन-चार हजार किलोमीटर पुरतात, कक्षेत टिकायला २८,००० लागतात. म्हणून २००१ मध्ये अमेरिकेच्या डेनिस टिटोंनी कक्षेतल्या अंतराळ स्थानकावर जायला सुमारे २ कोटी डॉलर मोजले. आणि वजन जातं ते गुरुत्वाकर्षण संपतं म्हणून नव्हे. १०० किलोमीटरवर ते जेमतेम ३ टक्के कमी असतं. यान आणि माणूस बरोबरीनं पडत असतात, एवढंच. हे विमानातही होतं.

लेकीकडे_सहा_महिने : तेच लिहायला आले. मी २०२३ ला अमेरिकेत झिरो-जी, म्हणजे विमानात तरंगायची फेरी, केलंय, नऊ-दहा हजार डॉलरच्या घरात. विमान १५ वेळा डोंगरासारखं चढतं-उतरतं, प्रत्येक वेळी वीसेक सेकंद तरंगायचं. माझी वेणी नागासारखी उभी राहिली होती! मधल्या वेळी अंग पावणेदोनपट जड होतं, तेव्हा पाठीवर पडून नजर छताला ठेवायची. मी मान वळवून मैत्रिणीकडं बघितलं आणि पुढच्या चार फेऱ्या पिशवी धरून बसले. दादा, तुमच्या बजेटात हेच बसतं. व्हिसाच्या मुलाखतीला मात्र आत्ताच नंबर लावा.

नाद_एकच : अमेरिकेला जाताय तर चार दिवस फिरूनही या. प्लॉट काढाच.

हरिप्रियाचा_प्रवासी : काका, श्रीहरिकोटा. रॉकेटचं उड्डाण बघायची नावनोंदणी ऑनलाइन, फुकट. आपल्या स्टेशनवरनं हरिप्रिया पकडायची, तिरुपतीहून बसनं सुल्लुरपेटा. पहिल्या खेपेला उड्डाण पुढं ढकललं, लाडू घेऊन माघारी आलो. दुसऱ्या खेपेला बघितलं. आधी उजेड, आवाज मागनं, आणि छातीत धडधड उतरती. दोन दिवस हातात ठेवूनच जा.

एकदा_पोळलोय : एका एजंटाला 'अंतराळ बुकिंग' म्हणून ५० हजार टोकन दिलं. पावती हाय, माणूस नाय. मधल्या माणसाला पैसे देऊ नका. आणि सही करताना नीट वाचा. धोका कळला, असं अमेरिकेत प्रवाशाकडून लिहून घेतात. २०१४ ला व्हर्जिनच्या चाचणीत सहवैमानिक गेला.

राजारामपुरीकर : वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा लक्षात ठेवा.

लेकीकडे_सहा_महिने : वाट बघू नका दादा, वय थांबत नाही. झिरो-जी करून टाका.

शिरोलीचा_साचा : सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून दोन रात्री विचार केला. पण त्या विमानाच्या खिडकीत आभाळ निळंच असणार. मला काळं बघायचं आहे. श्रीहरिकोट्यात मान वर करून बघायचं, मला वरनं खाली बघायचं आहे. म्हणून १२ लाख मोडत नाही. एफडीत टाकतोय, दरवर्षी भर घालणार. ब्लू ओरिजिनच्याच यानातनं वॅली फंक ८२ व्या वर्षी गेल्या, एड ड्वाइट ९० व्या. ब्लू ओरिजिनला सात मजल्यांचा जिना दीड मिनिटात चढावा लागतो असं वाचलं. कालपासून जोतिबाच्या पायऱ्या सुरू केल्या. अर्ध्यात दोनदा बसलो.

नाद_एकच : काका, रविवारी मीबी येतो. किती वाजता?