जुना एसी चिपळूणला हलवतोय: पाईप जोडताना व्हॅक्यूम लागतोच का?

कोकणवारा:
डोंबिवलीचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी चिपळूणला आईबाबांच्या बेडरूममध्ये बसवायचाय. पाटीवर गॅस आर-३२ लिहिलाय. तिथला मेकॅनिक म्हणतो, "हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप कशाला? थोडा गॅस सोडून पाईपमधली हवा काढतो, इतकी वर्षं तसंच करतोय." जुनेच कॉपर पाईप वापरू का? काम चालू असताना मी नक्की काय बघायचं?

गेजवाला:
व्हॅक्यूम लागतोच, यात तडजोड नको. आर-२२ या जुन्या गॅसच्या मशीनमध्ये मिनरल तेल असायचं, ते ओलावा फार धरत नाही, म्हणून गॅस सोडून हवा काढणं चालून जायचं. आर-३२ च्या कॉम्प्रेसरमधलं सिंथेटिक तेल ओलावा ओढून घेतं, त्यातून आम्ल होतं आणि मोटरचं वाइंडिंग जातं. चिपळूणची हवा किती दमट असते ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे.

पण माझ्या मते जास्त धोका डोंबिवलीत, एसी काढताना आहे. मशीन कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाईपचा व्हॉल्व्ह बंद करतात, गॅस आउटडोअरमध्ये ओढला गेला की जाड पाईपचा, आणि लगेच मशीन बंद. कॉम्प्रेसर पूर्ण थांबल्याशिवाय एकही नट सैल करू देऊ नका. चालू कॉम्प्रेसरने हवा ओढली तर आत तेल आणि हवा दाबाखाली पेटते आणि कॉम्प्रेसर फुटतो. अशा स्फोटांत माणसं गंभीर जखमी झाली आहेत. गॅस आधीच लीक होत असेल तर हा प्रकार करूच नका, उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.

पाईप नवेच घ्या, जाडी ०.८ मिमी. एकदा वाकवलेलं तांबं कडक होतं, पुन्हा वाकवताना दबतं. जुने वापरायचेच असतील तर टोकं कापून फ्लेअर (नटात बसणारं, कर्ण्यासारखं पसरवलेलं तोंड) नवा मारायचा. पाईप कटरनेच कापायचा, हॅक्सॉने नाही. आतली धार काढताना तोंड खाली ठेवायचं, म्हणजे कीस आत जात नाही. नट फ्लेअर मारण्याआधी पाईपवर चढवायचा. फ्लेअर गुळगुळीत हवा, चीर किंवा ओरखडा दिसला तर कापून परत. नट आधी हाताने सरळ बसेपर्यंत फिरवायचा, मग दोन पाने: एक धरायला, एक आवळायला. आवळायचा जोर दोन सुती (पाव इंची) पाईपला साधारण १५ न्यूटन-मीटर, चार सुतीला (अर्धा इंची) ५० ते ६०. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जोर लावून आवळला की फ्लेअर चिरतो आणि गळती आठवड्यांनी कळते.

कोकणवारा:
आभारी आहे दादा. लीक टेस्टसाठी पाईपमध्ये दाबाने भरायचा नायट्रोजन मिळणार नाही, असं मेकॅनिक म्हणतोय. त्याच्याकडे वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आहे, त्याने चालेल?

गेजवाला:
अजिबात नाही! दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला लागला की स्फोट होतो. हे ऐकूनही तो ऑक्सिजनच लावतो म्हणाला तर काम थांबवा आणि दुसरा माणूस बघा. नायट्रोजनही रेग्युलेटर लावूनच भरायचा, सिलिंडरवरून थेट नाही.

सड्यावरची:
मी रत्नागिरीला असते. आमच्याकडे एसीचे स्पेअर विकणाऱ्या दुकानदाराने नायट्रोजन आणि पंप असलेला माणूस गाठून दिला. चिपळूणलाही दुकानात विचारून बघा, फोनवर आधीच ठरवा. आणखी एक, दोन्ही पाईपांना वेगवेगळं इन्सुलेशन घाला. एकत्र गुंडाळले की थंडावा वाया जातो आणि भिंतीवर पाणी ठिबकतं.

गेजवाला:
ताईंचं बरोबर आहे. आता पंपाचं. मायक्रॉन गेजवर (व्हॅक्यूम मोजायचं मीटर) ५०० च्या खाली येईपर्यंत चालवायचा, मग गेजचा व्हॉल्व्ह बंद करून, पंप थांबवून काटा बघत बसायचं. थोडा चढून थांबला तर ओलावा उरलाय, चढतच राहिला तर लीक आहे. काटा टिकला की मगच आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह एलन कीने पूर्ण उघडायचे आणि टोप्या घट्ट लावायच्या. गॅस कमी वाटला तर प्रेशरच्या अंदाजाने भरू देऊ नका, वजनकाट्यावर मोजून भरायचा. आणि इनडोअरमागचे दोन्ही जोड साबणाच्या फेसाने तपासून होईपर्यंत टेप गुंडाळू देऊ नका. बेडरूममध्ये गळती झाली तर ती बहुतेकदा तिथूनच होते.