पायडल, पेडल आणि पाय

सायकलच्या पेडलला आपण पायडल म्हणतो, आणि हे पायडल पाय वरून आपल्याकडेच बनलं असं काहींना वाटतं. ते तसं नाही, पण पायाशी नातं मात्र खरंच आहे बरं का. लॅटिनमध्ये पाऊल म्हणजे पेस, प्रत्यय लागताना त्याचं रूप होतं पेड, त्यावरून इटालियन पेदाले, मग फ्रेंच पेदाल आणि तिथून इंग्रजीत पेडल. संस्कृत पद्-पाद त्याच मुळातले, आणि पाद झिजून आपला पाय झाला, म्हणजे लांबची भावंडंच की! इंग्रजीत हा शब्द आधी चर्चमधल्या ऑर्गन या वाद्याच्या पायाने दाबायच्या पट्ट्यांना लागला, सायकलला पेडल आलं १८६० च्या दशकात. वाद्याला पेडल कसं ते कळायला आपल्या संगीत नाटकातली पायपेटी आठवा, दोन्ही पायांनी आळीपाळीने भाता मारायचा आणि हात सुरांना मोकळे. होडीचं पॅडल, म्हणजे वल्हं, मात्र वेगळं, त्याचा पायाशी संबंध नाही.