खेड्यातल्या घरात जिव्हाळा टिकतो कशानं? जाणत्यांनी लिहा

लग्नातले आशीर्वाद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार सगळ्यांना पाठ आहेत, ते इथं नकोत. वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत घर आणि वावर एकमेकांत गुंतलेलं असतं. अशा घरात माणसं एकमेकांना धरून राहावीत म्हणून काय करायचं, कधी, किती, आणि ते फसतं कुठं, एवढंच लिहा. स्वतःच्या घरची कहाणी नको, कृती पाहिजे.

बचतगटवाली, यवतमाळ जिल्हा

पैसा कमी असल्यानं घर फाटतं त्याहून जास्त तो लपवल्यानं फाटतं. जूनमध्ये कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर उचललं जातं, जुलै-ऑगस्टात फवारणीची औषधं. बिल चुकवायचं सोयाबीन विकल्यावर. घरच्या बाईला तो आकडा दिवाळीच्या तोंडावर कळतो, नेमका पोरांचे कपडे घ्यायच्या वेळी. मग सण कसला!

दोनशे पानी वही घ्या. एका बाजूला आलेला पैसा: सोयाबीन, कापसाचा प्रत्येक वेचा, तूर, चना, दूध, मजुरी, सरकारी हप्ते. दुसऱ्या बाजूला देणं: बँक, कृषी केंद्र, गट, किराणा, हातउसने. महिन्यातून दोनदा, बाजाराच्या आदल्या रात्री, नवरा-बायको आणि घरची मोठी माणसं मिळून वाचायची. दहावीतलं पोरगं असेल तर लिहायचं काम त्याला द्या, अक्षर सुधारतं आणि डोळेही उघडतात. वही राहते स्वयंपाकघरातल्या फडताळात. बुढ्याच्या पेटीत गेली की ती संपली. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याजात सवलत असते, मुदत चुकली की ती जाते. हातउशाचं व्याज वेगळंच पळत असतं. दोन्ही आकडे समोरासमोर मांडले की आधी कोणाचं द्यायचं यावर वाद घालायला फारसं उरत नाही.

आणखी एक. सुनेच्या हातात दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यावी, पाचशे का असेना, आणि तिचा हिशेब विचारू नये. हिशेब मागितला की ती तिची राहत नाही.

बांधावरचा, वाशीम

रब्बीत कृषिपंपाची थ्रीफेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येते. चना-गव्हाचं ओलित रात्रीचं आलं की घराची घडी विस्कटते. पाळ्यांचा कागद चुलीजवळच्या भिंतीला लावा. रात्रपाळीचा माणूस पहाटे परततो. त्याला दहापर्यंत झोपू द्यायचं आणि त्या दिवशी पैशाचा, सोयरिकीचा, जावयाचा कुठलाही विषय काढायचा नाही. झोप नसलेल्या माणसाशी केलेली चर्चा भांडणातच संपते, हे कोणालाही विचारा. रात्री एकट्यानं जाऊ नये, भाऊबंदांशी पाळी लावून दोघं जा. बूट, चांगली बॅटरी, चार्ज केलेला फोन. घरी वाट पाहणाऱ्या बायकोला परतायची वेळ सांगून निघा, तीही जागीच असते.

अंगणवाडी ताई, मेळघाटाच्या पायथ्याशी

वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी पऱ्हाटीत शिरते ती दिवस कलल्यावरच बाहेर येते. मग भाकरी, भांडी, पाणी, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते तिचं. सगळ्यांनी एकत्र बसावं हे उत्तमच, पण ज्या घरात ते होत नाही तिथं साधा उपाय आहे: वाढायला घेण्याआधीच तिच्या वाट्याचं वरण, भाजी, अंडं वेगळ्या डब्यात काढून ठेवायचं. हे सासूनं किंवा नवऱ्यानं करायचं, तिनं स्वतः नाही. स्वतः काढलं तर ती ते पोराच्या ताटात टाकते.

गरोदर असेल तर चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. बायका ती मधेच सोडतात त्याची कारणं दोन: मळमळ आणि काळी शौच. काळी शौच लोहामुळेच होते, घाबरायचं कारण नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहासोबत मात्र कधीच नाही, लोह अंगी लागत नाही, लिंबूपाणी चालतं. गोळी आणि पाण्याचा गिलास नवऱ्यानं हातात द्यावा. पहिलं बाळंतपण माहेरी असलं तरी त्यानं फोनवर रोज तेवढं विचारावं. प्रेम दाखवायला यापेक्षा स्वस्त काही नाही.

कामाच्या वाटणीत एक गोष्ट नेहमी फसते. पोराला "जरा पाणी आण" म्हटलं की ते काम आईच्याच डोक्यात राहतं. पाणी सोपवायचं तर पूर्ण सोपवा: नळाची वेळ लक्षात ठेवणं, गाळणं, माठ घासणं, सगळं. पहिले पंधरा दिवस माठ नीट घासला जाणार नाही. सासूबाईंनी तो पुन्हा घासायला घेऊ नये, नाहीतर पोरगं कायमचं सुटतं.

मास्तर, गोंदिया

पोरांपुरतं लिहितो. नापिकी झाली की पोरांना काही सांगत नाहीत, पण घरातला आवाज बदललेला त्यांना कळतो आणि ती स्वतःला दोष देतात. सांगावं, दोन वाक्यांत: यंदा धान कमी झालं, सायकल पुढल्या साली, शाळा, वह्या, जेवण आहे तसंच राहील. काय बदलणार नाही ते सांगणं जास्त महत्त्वाचं. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असलेल्या पोराला ठरल्या वारी, ठरल्या वेळी फोन करा. मार्क शेवटी विचारा, विचारलेच तर. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल विकत आणून देण्यापेक्षा जुनाच बैल बापानं पोरासोबत बसून रंगवावा. दोन तास शेजारी बसलं की पोरगं आपणहून बोलायला लागतं.

आशा कार्यकर्ती, वर्धा

हे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, तरी दारू घरात येतेच. प्यालेल्या माणसाला रात्री जाब विचारू नये. सकाळी, चहा झाल्यावर, एकच मुद्दा, आणि तो ज्याचं ऐकतो असा एक माणूस सोबत. हात उगारला जात असेल तर मात्र समजूत घालत बसायचं नाही: पोरांना घेऊन शेजारी जायचं, ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावायचा.

फवारणीचं औषध घरात, खाटेखाली, माळ्यावर ठेवू नये. एका फवारणीपुरतंच आणा. उरलं तर गुरांच्या कोठ्यात कुलूपबंद लोखंडी पेटीत, आणि किल्ली कर्ज ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे नको. थंड पेयाच्या बाटलीत कधीच ओतू नका, पोरं पितात. पावसाचा खंड आणि वसुलीचे दिवस जपायचे. माणूस जेवण टाकतो, झोपत नाही, व्यवहार कोणाच्या हवाली करायला लागतो, वावरात एकटा बसून राहतो, तेव्हा सरळ विचारा: जीव द्यायचं मनात येते का? विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. टेलि-मानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

बचतगटवाली, यवतमाळ जिल्हा

जमिनीचं राहिलं. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. आणि २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. बहिणीकडून हक्कसोड घ्यायचीच असेल तर दिवाळीला आली म्हणून सरळ दुय्यम निबंधकाकडे नेऊ नका. महिनाभर आधी बोला, कागद तिला घरी नेऊन वाचू द्या, आणि ती नाही म्हणाली तर पुढच्या दिवाळीलाही तिला आणायला जा.