मदत हवी आहे : एलएसटी-३२५ बघताना शिड्या किती चढाव्या लागतात?

नमस्कार मंडळी. बाबा नौदलातून निवृत्त. सध्या माझ्याकडे शिकागोला आलेत. इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला ओहायो नदीकाठी उभी असलेली एलएसटी-३२५ (दुसऱ्या महायुद्धात रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी अमेरिकी नौका) त्यांना दाखवायची आहे. १९४३ मध्ये सिसिली, १९४४ मध्ये नॉर्मंडी, १९६४ पासून ग्रीक नौदलात. आणि २०००-०१ मध्ये सत्तरी गाठलेल्या माजी खलाशांनी ती चक्क अटलांटिक ओलांडून परत आणली! हे ऐकल्यापासून बाबा नकाशा उघडून बसलेत.

अडचण त्यांच्या गुडघ्यांची. रणगाडे ठेवायचा खालचा डेक सपाट, तिथे ते आरामात फिरतील. पण ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या भागात, जायच्या शिड्या फार उभ्या आहेत का? धरायला दोन्हीकडे कठडा आहे? ‘मी चढेन’ असं ते म्हणणारच, म्हणून आधीच विचारतेय. शरदात जहाज नदीतून दौऱ्यावर जातं म्हणे. तेव्हा धक्का रिकामाच असतो ना?